इंचाला अठ्ठेचाळीसशे ठिपके

मंगळवार, ४ मार्च

आज जुना स्कॅनर भिंतीवर आपटून फोडला. वही कालच आणली होती, त्यामुळे पहिल्या पानाची सोय झाली.

वहीची कल्पना डॉक्टरांची. म्हणाले, "तुमचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. राग आला की लिहून काढत जा. तारीख, कारण, काय केलंत, किती वेळ टिकला. कुणाला दाखवू नका. फक्त खोटं लिहू नका." फी घेऊन वर गृहपाठही देतात हल्ली.

कारण: नगरवाचनालयाचं काम. नऊशे जुने फोटो आणि दोन पेट्या निगेटिव्ह संगणकात उतरवून एप्रिलअखेर द्यायचे आहेत. हल्ली ज्याच्या हातात फोन तो फोटोग्राफर. हे काम हातचं गेलं तर बाबांनी उभा केलेला स्टुडिओ बंद करावा लागेल. आणि हा स्कॅनर प्रत्येक फोटोवर एक हिरवी उभी रेघ ओढत होता. काच सतरा वेळा पुसली. अठराव्यांदा रेघ आली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

ही झाडू घेऊन खाली आली. ही म्हणजे माझी बायको. बोलली काही नाही. ती न बोलता झाडायला लागली की मला जास्तच चेव येतो. सुपली लाथेने उडवली. एक काच हिच्या पोटरीत घुसली, बोटाच्या पेराएवढी. मुद्दाम नव्हतं. आईने काच काढून पट्टी बांधली. तीही काही बोलली नाही. या घरात दोन मुकी माणसं आणि एक मी.

टिकला: वीस मिनिटं.

गुरुवार, ६ मार्च

नवा स्कॅनर घेतला. घेतला म्हणजे हिने घ्यायला लावला.

दुकानदाराला मी पोपट म्हणतो. आकडे तोंडपाठ, अर्थ विचारला की मान वाकडी. त्याने दोन यंत्रं मांडली. एक पातळ, पाटीएवढं, चपळ. दुसरं जाडं, पेटीसारखं. आत दिवा, आरसे, भिंग, आणि निगेटिव्हसाठी वेगळं झाकण. दोन्ही इंचाला अठ्ठेचाळीसशे ठिपके टिपणारी. माझं मन पातळ्यावर बसलं होतं. नऊशे फोटो आहेत, वेग नको? निगेटिव्हचं मी कॅमेऱ्यावर भागवलं असतं.

ही दाराजवळ उभी होती, एका पायावर भार देऊन. तिथून म्हणाली, "जे काचेला टेकलेलं नाही, ते स्पष्ट येतं का?"

पोपट म्हणाला, "म्हणजे काय वहिनी?"

"जुने फोटो वाकलेले असतात. दाबले तर तडकतात. काचेपासून जरा वर राहिलं तर काय होतं?"

प्रश्न बिनतोड होता. बायको हुशार आहे हे मी कधीच नाकारलेलं नाही. पोपटाने किल्ल्यांचा जुडगा दोन्हींवर ठेवून दाखवला. पातळ्यात खालची किल्ली स्पष्ट आणि वरच्या किल्ल्यांचा नुसता गोठलेला धूर. जाड्यात सगळ्या किल्ल्या, दाते मोजावेत इतक्या लख्ख.

मग हिने बाही वर केली आणि हात कोपरापासून जाड्याच्या काचेवर ठेवला. पोपट हसला, "वहिनी, एक्स-रे काढताय की काय?" पडद्यावर हात उमटला. लव, रोमरंध्रं, नखाखालची रेघ. मनगटाच्या वर एक जुना डाग होता, कडेने पिवळा, मध्ये हिरवट.

"हा पिवळा खराच पिवळा आहे का?" हिने विचारलं. "का यंत्राने पदरचं घातलंय?"

पोपटाचं हसू मावळलं. त्याने आधी डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघतोस काय?" तो म्हणाला, "काही नाही साहेब." या "काही नाही"त जे होतं ते मला आवडलं नाही. कॉलर धरून त्याला खोक्यांच्या चळतीवर ढकलला. चळत कोसळली. पोपटाचा ओठ फुटला.

येताना जाडं यंत्र मीच उचललं. हिचा पाय दुखत होता, मी काही राक्षस नाही.

टिकला: दुकानापुरता.

रविवार, ९ मार्च

यंत्र बसलं. हिला कामाला लावलं आहे, कारण मला बाहेरच्या ऑर्डरी आहेत. तीन नियम सांगितले. प्रत्येक फोटोशेजारी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे खरं माप कळतं. मोजपट्टीशेजारी रंगपट्टी ठेवायची, म्हणजे खरा रंग कळतो. उद्या कुणी म्हणालं की हा निळा तुम्ही घुसडला, तर पट्टी दाखवून तोंड बंद करता येतं. आणि फाईलला नाव म्हणून तारीख द्यायची. बाबांचं असंच होतं. काम करायचं तर असं की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये.

संध्याकाळी तपासलं तर एकतीस फोटोंत रंगपट्टीच नाही. एक कानाखाली दिली. आवाजच मोठा आला, लागलं तेवढं नाही.

(खोटं लिहू नका म्हणाले आहेत. लागलं असेल. कान लाल होता आणि ती थोडा वेळ त्या बाजूने ऐकत नव्हती.)

ती म्हणाली, "पुन्हा विसरणार नाही." याला म्हणतात शिकवणं.

टिकला: पाच मिनिटं.

शनिवार, १५ मार्च

आज राग नाही, तरी लिहितो. मजा झाली.

वाचनालयाच्या पेटीत बाबांच्या हातच्या काही निगेटिव्ह निघाल्या. त्यांत एक आईची. माझ्या जन्माच्या आधीची, बाबांनी स्टुडिओत काढलेली. हिने जाड्यावर सर्वांत वरच्या मापात घेतली आणि मला हाक मारली.

काय बाबांचा हात! त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रेघा मारून चेहऱ्यावरचे काळे डाग उजळत असत. छापलेल्या फोटोत ते कुणाच्या बापालाही ओळखू येत नसत. आईचा फोटो भिंतीवर पन्नास वर्षं आहे, गाल नितळ. पण इंचाला अठ्ठेचाळीसशे ठिपके म्हणजे चेष्टा नाही. एकेक रेघ दिसत होती, केसाहून बारीक, शेकड्याने. रेघांच्या खाली गालावर चार लांबट काळसर पट्टे होते, शेजारीशेजारी, कानाकडे निमुळते होत गेलेले.

मी म्हटलं, "खिडकीच्या गजांची सावली पडली असणार. बाबांनी काय सफाईने उडवली बघ."

आईला खाली बोलावून दाखवलं. ती खुर्ची पडद्याजवळ ओढून बसली. मग म्हणाली, "त्या खोलीला खिडकी नव्हती."

आईला आताशा धड आठवत नाही. पंच्याहत्तरी उलटली. ही मात्र आईकडे बघत होती आणि आई हिच्याकडे. बायकांचं एकमेकींत काय चालतं देव जाणे. बाबा म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. फोटोग्राफीचं सगळं मर्म यात आलं.

मंगळवार, १८ मार्च

स्टुडिओच्या दारात एकाने गाडी आडवी लावली. विटेने आरसा फोडला, मग दुसराही, जोडी मोडायला नको. जेवण छान गेलं.

टिकला: दोन मिनिटं.

रविवार, २३ मार्च

ही जिन्यावरून पडली. आमचं घर वर आणि स्टुडिओ खाली, मधला जिना उभा आणि अरुंद. अकरा पायऱ्या. हाड मोडलं नाही हे नशीब. पाठ आणि खांदा सुजला आहे. दवाखान्यात मीच नेलं, बाबापुता करून. तिथल्या नर्सने दोनदा विचारलं, कशा पडलात? ही म्हणाली, पाय घसरला. आई घरीच होती.

कारण: तिने मोठ्या बहिणीला फोन केला होता, मला न विचारता. कशाला, विचारलं तर म्हणे, सहज. सहज कुणी कुणाला फोन करतं?

यानंतर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या प्रूफावर खुणा करायच्या लाल पेनाने खोडल्या. गिरवून गिरवून खोडल्या, कागद फाटायला आला. डॉक्टर खोटं लिहू नका म्हणाले होते, खोडू नका म्हणाले नव्हते.

वही आता निगेटिव्हच्या दुसऱ्या पेटीखाली ठेवतो. तिथे हात घालायची कुणाची टाप नाही.

टिकला: लिहीत नाही.

बुधवार, २ एप्रिल

काम झपाट्याने चाललं आहे. पाचशे वीस फोटो झाले. हिचा खांदा अजून वर जात नाही, तरी रोज नऊला यंत्रापुढे बसते. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, हे मी मनापासून लिहितो.

आज वाचनालयातल्या कुणा शहाण्याचा प्रताप सापडला. एका जुन्या समूहफोटोवर नेमका चेहऱ्यांच्या मधोमध लाल शिक्का ठोकलेला. ही म्हणाली, "हा गेला वाया."

मी म्हटलं, "बस इथे, गंमत दाखवतो." रंगीत स्कॅन म्हणजे तीन थर असतात, लाल, हिरवा आणि निळा. त्यातला लाल थर तेवढा ठेवायचा, बाकीचे दोन उडवायचे. लाल थरात लाल खूण कागदाइतकीच पांढरी दिसते, म्हणजे दिसतच नाही. एक बटण दाबलं आणि शिक्का गायब. खालचे चेहरे जसेच्या तसे, मिशांसकट.

"आणि खाली काळं असेल तर ते राहतं?" हिने विचारलं.

"काळं राहतंच. तेच तर हवंय."

"शाईसुद्धा?"

"काळी, निळी, कुठलीही. लाल तेवढं जातं."

"लाल कितीही गडद असलं तरी?"

"अगं, यंत्राला गडद फिकं काय! करून बघ."

तिने माझ्यासमोर तीनदा करून पाहिलं. मी पाठीवर शाबासकीची थाप दिली तेव्हा ती एकदम आकसली. थाप दुखऱ्या बाजूला बसली वाटतं. सॉरी म्हणालो. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

राग: नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

दुपारी ऑर्डर लवकर आटोपून आलो तर स्टुडिओचं दार आतून बंद. ठोठावलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज, पण दार उघडेना. माझ्याच बापाच्या स्टुडिओचं दार, आणि मी बाहेर! तिसऱ्या लाथेला कडी उखडून आली.

आत अंधार करून ठेवलेला. यंत्राचं झाकण काढून बाजूला. आई स्टुलावर बसलेली, आणि ही पाठमोरी, पोलक्याची बटणं लावत होती.

"काय चाललंय?"

"आईंना यंत्र दाखवत होते," ही म्हणाली.

"दार लावून?"

"झाकण काढलं की बाहेरचा उजेड आत शिरतो. तुम्हीच सांगितलंत."

सांगितलं होतं, खरं आहे. पण बरोबर बोलतानाचा तिचा तो आवाज! मनगट धरून पिरगळलं. गुडघ्यावर बसली तरी सोडलं नाही, कारण ती ओरडेना. ओरडली असती तर सोडलं असतं. तेवढ्यात आईने माझा हात धरला. जन्मात कधी धरला नव्हता. आणि काय पकड! तिची नखं रुतलेल्या चार जागा अजून दिसताहेत.

"सोड," आई म्हणाली. "तुझ्या बापाला मी हे म्हटलं नाही. ते चुकलं माझं."

बाबांचा इथे काय संबंध? बाबांनी चाळीस वर्षांत कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. आई आता वयाप्रमाणे काहीही बरळते.

टिकला: अजून आहे.

रविवार, १३ एप्रिल

दोघीही गेल्या.

सकाळी मी वाचनालयात तयार फाईली द्यायला गेलो होतो. आलो तर वर कुणी नाही. आईचं औषधाचं खोकं नाही, हिची पिशवी नाही. हिच्या बहिणीकडे फोन लावला, तिने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. सून सासूला घेऊन पळाली, हे मी आजवर ऐकलेलं नाही. जग हसेल.

खाली आलो. यंत्राची काच पुसलेली होती. शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी, नीट एकाखाली एक. ते बघूनच डोकं सटकलं. जाडं यंत्र दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. मग आठवलं, अजून दोनशे साठ फोटो बाकी आहेत. खाली ठेवलं. त्याऐवजी मूठ आरशावर घातली, गिऱ्हाइकं केस विंचरतात त्या. सात टाके पडले. डावा हात आहे, लिहिता येतं.

येतील. जातील कुठे?

बुधवार, १६ एप्रिल

वही नाही. हे एका बिघडलेल्या प्रिंटच्या पाठीवर लिहितो आहे.

सकाळी पोलीस आले. एक अधिकारीबाई आणि दोन शिपाई. मी म्हटलं, काय हवंय?  बाई सरळ मागच्या खोलीत गेल्या, दुसरी पेटी उचलली आणि खालची वही काढली. जशी काही त्यांनीच ठेवली होती.

चौकीत मला बसवलं आणि समोर प्रिंट मांडायला लागल्या. टेबल भरलं तरी हातात उरल्या होत्या. पोटरी, ९ मार्च. गाल आणि कान, तीच तारीख. काचेला दाबल्यामुळे नाक जरा चपटं, डोळा मिटलेला. खांदा, २४ मार्च, जांभळा. तोच खांदा २८ला हिरवा, २ एप्रिलला पिवळा. पाठीचा वरचा भाग, ११ एप्रिल. तो तिला एकटीला घेता आला नसता, कुणीतरी पट्ट्या धरलेल्या, म्हाताऱ्या बोटांनी. मनगट, १२ एप्रिल.

मला पहिलं काय सुचलं ते खरं लिहितो. रंगपट्टी ती एकदाही विसरलेली नाही.

"रंगांत फेरफार आहे असं तुमचं म्हणणं आहे का?" बाईंनी विचारलं.

मी पट्ट्या पाहिल्या. निळा खरा होता, पिवळा खरा होता. कुठे बोट दाखवायला जागा नव्हती. मी नाही म्हणालो.

मग त्यांनी आईची जुनी छबी ठेवली, पेन्सिलीच्या रेघा उडवून साफ केलेली. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "ती गजांची सावली आहे."  बाईंनी आपला हात पुढे केला आणि चार बोटं त्या चार पट्ट्यांवर ठेवली. बरोबर बसली.

मी माझा हात टेबलाखाली घेतला. का घेतला ठाऊक नाही.

शेवटी एकच प्रिंट राहिली. माझ्या वहीचं पान, २३ मार्च. खोडलेल्या जागी लाल रंगाचा मागमूस नव्हता. लाल थर तेवढा ठेवलेला, बाकीचे उडवलेले; मी शिकवलं होतं तसंच, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पेन इतक्या जोरात दाबलं होतं की फाटत आलेल्या कागदाचे तंतूही दिसत होते. आणि मध्ये चार ओळी, ठसठशीत:

"ती पडली नाही. वरच्या पायरीवर तिने कठडा धरला होता.
मी तिची बोटं एकेक करून सोडवली.
करंगळी शेवटपर्यंत सुटत नव्हती.
आई खाली उभी होती. तिने वर पाहिलं."

"अक्षर तुमचं?" बाईंनी विचारलं.

पानाच्या तळाशी साक्षीदार म्हणून आईची सही होती, पूर्ण नावाची. तिच्या खाली माझ्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. मी हो म्हणालो. पेन त्यांनीच दिलं, काळं.